दोष तुमच्या बोर्डाच्या व्हीआरएममध्ये (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागात) आहे, जळगावच्या लाईटमध्ये नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: बी५५० मदरबोर्डची वॉरंटी तक्रार ‘ग्राहकाकडील वीजपुरवठ्याचा दोष’ असा शेरा मारून बंद केल्याबद्दल

आज दुपारी तुमच्या हेल्पलाईनवर चाळीस मिनिटं बोललो आणि फोन ठेवल्याबरोबर हे पत्र लिहायला घेतलं. ही तक्रार आता चौथ्यांदा बंद झाली आहे. चारही वेळा तुमच्याकडच्या एकाही माणसाने बोर्ड डोळ्यांनी पाहिलेला नाही.

मशीन असं आहे: तुमचा सहा अधिक दोन फेजचा (वीज वाटून देणाऱ्या शाखांचा, त्यातल्या सहा प्रोसेसरच्या कोअरसाठी) बी५५० बोर्ड, रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, ६५० वॅटचा गोल्ड एसएमपीएस (पॉवर सप्लाय). ओव्हरक्लॉकिंग नाही, पीबीओ (प्रोसेसरचा वेग आपोआप वाढवणारी सोय) बंद, रॅमचं प्रोफाइलही बंद. बोर्ड घेऊन १४ महिने झाले, वॉरंटी तीन वर्षांची आहे. सगळ्या कोअरवर लोड आला की ७ ते ११ मिनिटांत स्क्रीन काळी होते आणि मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. नुसतं टायपिंग करत बसलं तर दिवसभर काही होत नाही.

आजचं संभाषण तुमच्याकडे रेकॉर्ड असेलच, तरी लिहितो. मी पाठवलेल्या विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरच्या (घडामोडींच्या नोंदींच्या) यादीत तुमच्या प्रतिनिधीला ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली.

“सर, इथेच पॉवर लिहिलंय. म्हणजे पॉवरचा प्रॉब्लेम आहे. खान्देश साईडला व्होल्टेज कमी असतंच ना?”

मी सांगितलं, ४१ चा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता मशीन पुन्हा सुरू झालं. कारण त्यात नसतं. त्याच्याच पुढची ‘व्हीआ-लॉगर १८’ ही हार्डवेअरच्या चुकीची नोंद वाचा, तिथे प्रोसेसरने स्वतः कॅश हायरार्की एरर (आपल्या आतल्या मेमरीतली चूक) नोंदवली आहे.

“ते सॉफ्टवेअरचं असतं सर. तुमच्याकडे लाईट आठ तासच असते का?”

आठ तासांची लाईट शेतीपंपाच्या फीडरला असते, शहराच्या घरगुती फीडरला नाही, हे मी त्यांना समजावलं. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये मल्टीमीटर लावून तीन दिवस सकाळ-दुपार-रात्र घेतलेले आकडे सांगितले: सगळ्यात कमी २२४, सगळ्यात जास्त २३६. त्यावर उत्तर आलं, “मग आधी एमएसईबीकडे तक्रार करा, त्यांचं लेखी आणा, मग आपण बघू.” मी विचारलं, प्रोसेसरला २३० व्होल्ट जातात असं तुम्हाला वाटतं का? पलीकडून काही क्षण आवाज नाही. मग, “सर, आम्ही ट्रेनिंग घेतलेलं आहे.” आणि तक्रार बंद. पाच मिनिटांत मेसेज आला: ‘निराकरण झाले’.

काय निराकरण झालं? भिंतीतले २३० व्होल्ट एसएमपीएस घेतो आणि १२ व्होल्ट डीसी करून देतो. ते १२ व्होल्ट तुमच्या बोर्डावरचं व्हीआरएम सव्वा-दीड व्होल्टवर आणतं आणि प्रोसेसरला देतं. मी ज्या व्होल्टेजची तक्रार करतोय ते या शेवटच्या टप्प्यातलं आहे आणि तो टप्पा तुम्ही बनवला आहे. हे व्यवस्थापनाला माहीत असणार, म्हणून पुढचं सगळं सविस्तर लिहितोय.

पहिल्या कॉलला सांगितलं गेलं होतं की लोडवर व्होल्टेज पडणं नॉर्मल आहे. काही प्रमाणात ते खरं आहे, मलाही मान्य आहे. हा प्रोसेसर एकाच कोअरवर काम असताना १.४५ व्होल्टच्या आसपास मागतो आणि आठही कोअर जुंपले की स्वतःच मागणी कमी करतो. शिवाय लोडलाइन, म्हणजे करंट वाढेल तसं व्होल्टेज थोडं उतरू देणं, मुद्दाम ठेवलेली असते. एक मिलिओहमची लोडलाइन आणि ९० अँपिअर करंट धरला तर ०.०९ व्होल्टची घट ठरवूनच केलेली असते, लोड एकदम सुटल्यावर व्होल्टेज वर उसळू नये म्हणून. स्थिर लोडवर माझ्या बोर्डाची सरासरी १.२६ येते आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. लोड एकदम चढतो त्या क्षणी काय होतं, ती तक्रार आहे. गोलाणी मार्केटमध्ये बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र) लावून पाहिलं. सॉकेटमागच्या कपॅसिटरवर व्होल्टेज १.२६ वरून थेट १.०९ पर्यंत बुडी मारतं. हाच प्रोसेसर आणि हाच एसएमपीएस दुसऱ्या एका बी५५० बोर्डावर लावला, तिथे ते १.१९ च्या खाली गेलं नाही. ही बुडी इतकी क्षणिक असते की दोन सेकंदांना एकदा वाचन घेणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये ती दिसत नाही. तुम्ही मागितलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ‘सगळं नॉर्मल’ दिसलं ते यामुळे.

तुम्ही सांगितलेलं मी सगळं केलं, काही गोष्टी दोनदा केल्या. बायोस अपडेट केला, सीआर२०३२ सेल काढून सीमॉस क्लिअर केला (बायोसची सेटिंग पुसली), विंडोज नव्याने टाकलं, थर्मल पेस्ट बदलली, एकेक रॅम ए२ स्लॉटमध्ये ठेवून मेमटेस्टचे चार-चार पास घेतले. प्रोसेसरच्या आठ पिनच्या कनेक्टरचे चार-चारचे दोन्ही तुकडे पूर्ण बसलेले आहेत. अर्धा राहिला तरी अशी लक्षणं येतात, म्हणून ते सगळ्यात आधी पाहिलं होतं. त्याच कनेक्टरच्या मागून पूर्ण लोडवर मोजलं, ११.९६ व्होल्ट. एटीएक्स या पॉवर सप्लायच्या मानकाची मर्यादा ११.४० ते १२.६० आहे.

अदलाबदलीनंतर शंका उरायला नको होती. दुसऱ्या बोर्डावर माझा प्रोसेसर प्राइम९५ या लोड देणाऱ्या प्रोग्रॅमच्या ‘स्मॉल एफएफटी’ चाचणीवर १२ तास एकही चूक न होता चालला, घरातल्या त्याच सॉकेटवर, त्याच लाईटवर. उलट तुमच्या बोर्डावर दुसरा ५८००एक्स लावला तर नवव्या मिनिटाला ‘राउंडिंग वॉज ०.५’ (गणितात चूक) म्हणून एका कोअरवरचा वर्कर थांबला. दर वेळी थांबणारा कोअर वेगळा असतो: कधी दुसरा, कधी सातवा. एखादा कोअर कमजोर असता तर तोच पुन्हा पुन्हा पडला असता. वेगवेगळे कोअर पडतात, म्हणजे सगळ्यांना मिळून जो पुरवठा होतो तोच कमी पडतोय.

तो का कमी पडतोय तेही सापडलं आहे. लोड देऊन इन्फ्रारेड थर्मामीटरने चोक (प्रत्येक फेजची कॉइल) तपासले. पाच चोक ८८ ते ९२ अंशांवर होते आणि डावीकडून तिसरा ५१ वर. हीटसिंक न काढता, त्या चोकच्या मॉस्फेटकडच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचकडच्या) पायावर प्रोब टेकवला. बाकी पाचांवर स्विचिंगचे पल्स दिसतात, तिसऱ्यावर एकही नाही. म्हणजे हा फेज मेला आहे. ९० अँपिअर सहा फेजवर वाटले तर प्रत्येकी १५ येतात, पाचांवर वाटले तर १८. करंट वाहताना होणारं नुकसान करंटच्या वर्गाने वाढतं, म्हणून प्रत्येक जिवंत फेजवर त्यातून होणारी उष्णता ४४ टक्के जास्त होते. व्हीआरएम माझ्या बोर्डावर १०८ अंशांवर जातं, दुसऱ्या बोर्डावर ७४ वर थांबतं. ‘तुमच्याकडे ऊन फार’ हेही तिसऱ्या कॉलला ऐकून झालं. जळगावचा मे कसा असतो ते मला माहीत आहे, म्हणून हीच चाचणी पहाटे पाचला, कूलर लावून, खोलीत २९ अंश असताना पुन्हा केली. मशीन दहाव्या मिनिटाला पडलं.

दुसऱ्या कॉलला दिलेला सल्ला तर धोकादायक आहे. ‘कोअर व्होल्टेजला अधिक ०.१ चा ऑफसेट द्या.’ ऑफसेट फक्त लोडवर लागत नाही, तो सगळीकडे लागतो. एका कोअरवरचे १.४५ त्यामुळे १.५५ होतात. तुमच्या बोर्डाचा दोष झाकण्यासाठी मी माझा चांगला प्रोसेसर जाळायचा का? लोडलाइन कॅलिब्रेशन (लोडवरची घट कमी करणारी सेटिंग) तिसऱ्या पायरीवर नेऊन पाहिलं. सरासरी थोडी वर आली, मशीन नऊऐवजी चाळीस मिनिटं टिकलं आणि व्हीआरएम ११६ अंशांवर गेलं. मेलेला फेज त्याने जिवंत होत नाही.

यातलं एकही वाक्य तुमच्या प्रतिनिधीने तक्रारीत नोंदवलं नाही. नोंदवलं काय, तर ग्राहकाकडील वीजपुरवठ्याचा दोष. पुन्हा लिहितो: त्याच सॉकेटवर, त्याच एसएमपीएसवर दुसरा बोर्ड १२ तास चालला आहे. भुसावळजवळच्या दीपनगरला औष्णिक वीज केंद्र असलेल्या जिल्ह्यातल्या माणसाला ‘तुमच्या साईडला लाईट नसते’ हे कॉम्प्युटर कंपनीने ऐकवावं, याचा मला मनापासून राग आला आहे. गेल्या आठ-नऊ वर्षांत ओळखीतल्या कितीतरी लोकांना मी तुमचेच बोर्ड घ्यायला लावले. आता तोंडातून तुमचं नाव निघत नाही.

मला बदली बोर्ड हवा आहे, नवा, दुरुस्त करून परत पाठवलेला नाही. तो घरून न्यायची व्यवस्था तुम्ही करा. अडीचशे किलोमीटरवर नाशिकला स्वखर्चाने आणून द्या, हे मला मान्य नाही. तक्रारीवरचा वीजपुरवठ्याचा शेरा लेखी मागे घ्या. बोर्डावर कुठेही सोल्डरिंग झालेलं नाही, स्क्रू आणि वॉरंटीचं स्टिकर जसंच्या तसं आहे, फोटो जोडले आहेत. सोबत बिलाची प्रत, ऑसिलोस्कोपचे दोन्ही बोर्डांचे फोटो, चोकच्या तापमानाचे आकडे आणि प्राइम९५ च्या नोंदी आहेत.

१५ दिवसांत हे झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी फीही लागत नाही.

बोर्ड मूळ खोक्यात, अँटिस्टॅटिक पिशवीत भरून ठेवला आहे. न्यायला माणूस कोणत्या तारखेला येतोय, ते कळवा.

आपला ग्राहक,
जळगाव