कुशावतीकाठची खाण अजून मिटलेली नाही : मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मुख्यमंत्री,
गोवा राज्य

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. सांगे-केपे भागातला यापुढचा कुठलाही खाणपट्टा लिलावात काढण्याआधी तिथली जुनी खाण रीतसर मिटवली आहे का, म्हणजे खंदक आणि मातीचे ढीग सुरक्षित केले आहेत का, हे सरकारनं लोकांसमोर ठेवावं. मिटवली नसेल तर आधी ते काम, लिलाव मागाहून.

उन्हाळ्यात मडगावहून काही मित्रांसोबत तिळामळमार्गे रिवण भागात गेलो होतो. निमित्त होतं उसगाळीमळच्या, म्हणजेच पणसायमळच्या, कातळचित्रांचं. तिळामळच्या तिठ्यावर एके काळी लोहखनिजाच्या ट्रकांची अशी रांग लागायची की शाळेच्या बसला वाट मिळत नसे. घराच्या कौलांवर, काजूच्या पानांवर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबडी धूळ. आता रस्ता मोकळा आहे. धूळ नाही, आणि धंदाही नाही. टायरवाल्याचं दुकान, गॅरेज, ड्रायव्हरांसाठी पहाटे उघडणारी भाजी-पावाची खानावळ, एकामागून एक शटरं खाली. ज्यांनी बँकेचं कर्ज काढून ट्रक घेतले त्यांचं काय झालं, ते खाण अवलंबितांच्या मोर्चांत आपण ऐकलंच आहे.

पुढे खाणीची वसाहत लागते. वजनकाट्याच्या खोलीचं छप्पर बसलंय, सुरुंगाच्या वेळा लिहिलेला फलक गंजून वाकलाय, वर्कशॉपात आता गुरं बसतात. मागे खंदक, काठोकाठ भरलेला. पाणी इतकं निळं-हिरवं की पर्यटक गाडी थांबवून फोटो काढतात. काठाला कुंपण म्हणून चार खांब होते आणि एका बाजूला तुटकी तार. गोव्यातले काही खंदक समुद्रसपाटीच्याही खाली गेलेत. अशा ठिकाणी घसरलेलं ढोर वर येत नाही, माणूसही येणार नाही.

खंदकापलीकडे डंप. एक टन खनिज काढायचं तर अडीच-तीन टन माती उपसावी लागते, ती सगळी अशीच डोंगरासारखी रचून ठेवलेली. वर अकेशिया लावला की कागदावर वनीकरण झालं. खाली पाहिलं तर पावसानं पाडलेल्या घळी माणूस उभा राहील इतक्या खोल, आणि प्रत्येक घळीचं तोंड व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात ही माती कुठे जाणार? व्हाळात, व्हाळातून शेतात आणि कुशावती नदीत. डोंगर पोखरला की वरच्या जांभ्यात मुरणारं पाणीही राहत नाही, झरे आटतात, विहिरी खाली जातात. डिचोली तालुक्यातल्या शिरगावनं हे आधीच भोगलंय. इकडच्या कुळागरवाल्यांना, म्हणजे पोफळीच्या बागा करणाऱ्यांना, ते पुस्तकात वाचायची गरज नाही.

आणि याच कुशावतीच्या काठी तो कातळ आहे. मे 1993 मध्ये तो अभ्यासकांच्या नजरेस आला, तोवर नदीच्या गाळाखाली झाकलेला होता. शंभरच्या वर आकृत्या आहेत : वशिंडाचा बैल, हरणं, माणसं, आणि ते गोल गोल आत नेणारं चक्रव्यूह. भर दुपारी रेघा दिसतच नाहीत, सगळा जांभा सारखाच दिसतो. राखणदारानं बाटलीतलं पाणी हळूहळू चरांत सोडलं. पाणी वळणावळणानं पुढे सरकलं तशी एकेक रेघ काळी होत गेली आणि बैलाची पाठ, मग शिंग उमटलं. हजारो वर्षांपूर्वी नदीशी बसून कुणीतरी हे कोरलंय. पुढे याच नदीच्या काठी चांदरला राजधानी वसली, चंद्रपूर. पुरातत्त्व खात्यानं कातळाला संरक्षण दिलंय, ते चांगलंच झालं. पण नदी कुठल्या खात्याच्या संरक्षणात आहे? कातळाभोवती दगडी कठडा घालून वरच्या अंगाला डंप मोकळा सोडला तर त्या कठड्याला अर्थ काय?

महोदय, काम थांबणं वेगळं आणि खाण मिटवणं वेगळं, हे आपल्या खात्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारनं खाणी थांबवल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयानं. 2014 च्या निकालानंतर काही सुरू झाल्या. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयानं 88 पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये यंत्रं थांबली. प्रत्येक वेळी थांबवलं सरकारनं किंवा कोर्टानं, मालकानं नव्हे. त्यामुळे खंदक भरणं, डंपाला पायऱ्या पाडून पायथ्याशी भिंत बांधणं, गाळ अडवायची तळी खोदणं, हे सगळं कुणाच्या अंगावर, यावर टोलवाटोलवी चालू राहिली. कायद्यात माइन क्लोजर प्लॅन, म्हणजे खाण मिटवण्याचा आराखडा, आहे, त्यासाठी आर्थिक हमीही घेतलेली असते. कुशावतीच्या पाणलोटातल्या खाणींची ती हमी आज कुणाकडे पडून आहे आणि त्यातला किती पैसा मातीवर खर्च झाला? हा तक्ता खात्याच्या संकेतस्थळावर टाकायला नवा कायदा लागत नाही.

पैसा नाही असं म्हणू नये. जिल्हा खनिज निधी आहे, तो खाणींनी बाधित झालेल्या गावांसाठीच आहे. न्यायालयानं 2014 च्या निकालात खनिज विक्रीच्या दहा टक्के रकमेचा कायम निधी करायला सांगितला, तोही पुढच्या पिढ्यांच्या नावानं.

मी खाणींच्या कायमच्या विरोधात आहे असं समजू नका. केपे तालुक्यातल्या कावरे गावच्या आदिवासींनी तर मागणी केली होती की खाण चालवायचीच असेल तर गावच्या सहकारी संस्थेमार्फत चालवू द्या. त्या मागणीत हिशेबही होता आणि जबाबदारीही, कारण शेत त्यांचं, विहीर त्यांची. डिसेंबर 2022 पासून लिलाव सुरू झाले, डिचोलीत 2024 मध्ये खनिज निघूही लागलं. उद्या दक्षिण गोव्यातही खाणकाम वाढेल तेव्हा जुन्या डंपाचा वारसा नव्या मालकाच्या माथी मारून सरकार मोकळं होणार का, एवढंच विचारतोय.

जाता जाता पर्यटनाबद्दल. खंदकात बोटी सोडायच्या कल्पना अधूनमधून निघतात. कृपा करून काठ पक्का होईपर्यंत ते नको. त्यापेक्षा रिवणची गुहा, कातळ आणि नदी अशी वाट आखा, दाखवायला गावातलीच मुलं घ्या, आणि राखणदाराच्या खोलीवर निदान शौचालय बांधा. आम्ही गेलो तेव्हा बायकांना झाडीत जावं लागलं.

येत्या पावसाआधी दोन गोष्टी होऊ शकतात. व्हाळाकडे उतरणाऱ्या डंपांच्या पायथ्याशी भिंती, आणि उघड्या खंदकांना कुंपण. क्लोजर प्लॅनचा तक्ता त्यासोबत जाहीर झाला तर ग्रामसभांत चर्चा तरी नीट होईल. कळावे.

आपला विनम्र,
एक मडगावकर