पंपाच्या बाजूने: डॉ. रसेल नेल्सन यांना आभाराचं पत्र

आदरणीय नेल्सन सर,

आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, प्रत्येक सर्जनला ‘सर’ म्हणतात, म्हणून तुम्हालाही तेच. मी पुण्यातल्या एका रुग्णालयात परफ्युजनिस्ट आहे. हृदयाचं ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम जे यंत्र करतं ते मी चालवते. आम्ही त्याला नुसतं ‘पंप’ म्हणतो. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना सर्जनचं नाव पाठ असतं, भूल देणाऱ्या डॉक्टरांचंही कधीकधी माहीत असतं. आमचं कुणाला ठाऊक नसतं आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण हा पंप धड चालतही नव्हता तेव्हा ज्यांनी त्याच्यामागे उमेदीची वर्षं घातली, त्यांच्यातल्या एकाचे आभार मानायचे माझ्याकडून राहिले आहेत.

तुम्ही २७ सप्टेंबर २०२५ ला गेलात, वयाच्या १०१ व्या वर्षी. मी वाचलेल्या बातम्यांत मथळा चर्चच्या अध्यक्षांचा होता, सर्जन खाली कुठेतरी, तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात. माझ्या दृष्टीनं क्रम उलटा आहे. मी ख्रिस्ती नाही, तुमच्या चर्चची तर नाहीच. ‘मॉर्मन’ हे रुळलेलं नाव तुम्हाला खटकायचं, २०१८ मध्ये अध्यक्ष झाल्यावर पूर्ण नाव वापरा असा आग्रहच धरलात तुम्ही. तेव्हा एकदा पूर्ण लिहिते: द चर्च ऑफ जीझस ख्राईस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. पुढे ‘तुमचं चर्च’ म्हणते, रागावू नका.

आम्हाला शिकवताना पंपाचा इतिहास गिबन यांच्यापासून सुरू होतो. ६ मे १९५३, फिलाडेल्फिया, अठरा वर्षांची मुलगी, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र, ऑपरेशन यशस्वी. परीक्षेत हेच विचारतात. त्याच्या दोन वर्षं आधीचं कुणी फारसं विचारत नाही. ५ एप्रिल १९५१ ला मिनेसोटा विद्यापीठात क्लॅरन्स डेनिस यांनी सहा वर्षांच्या एका मुलीला पंपावर घेऊन तिचं हृदय उघडलं. माणसावर असं पहिल्यांदाच होत होतं. पंपानं आपलं काम केलं. पण आतला दोष निदानात आला होता त्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा निघाला आणि मुलगी वाचली नाही. ते यंत्र बनवणाऱ्या डेनिस यांच्या तुकडीत तुम्ही होतात. बावीसाव्या वर्षी एम.डी. झालेला, सॉल्ट लेक सिटीहून आलेला तरुण डॉक्टर.

तुमच्या कामातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग कुणी कौतुकानं सांगत नाही, कारण तो धुण्यापुसण्याचा आहे. प्रयोगशाळेत पंपावर घेतलेले कुत्रे दगावत होते. पंपाची कल्पनाच चुकीची आहे असं म्हणून विषय बंद करता आला असता. कारण निघालं ते यंत्राच्या कोनाकोपऱ्यांत वाढणारे जंतू. रक्तात शिरलेल्या त्या जंतूंचा शरीरावर काय परिणाम होतो हाच पुढे तुमच्या पीएचडीचा विषय झाला, १९५४ साली. आज मी पाकीट फाडते, निर्जंतुक नळ्यांचा संच काढते, रक्तात ऑक्सिजन मिसळणारा ऑक्सिजनेटर जोडते, बुडबुडा राहिला का ते बघत प्रायमिंग करते, म्हणजे नळ्या द्रवानं भरून घेते, आणि केस संपली की सगळं फेकून देते. एका पेशंटला वापरलेलं दुसऱ्याला नाही. तुमच्या वेळी तेच भाग घासून, धुऊन पुन्हा लावायचे. हे आठवलं की त्या प्लॅस्टिकच्या पाकिटाबद्दलही आदर वाटतो.

दुसरी गोष्ट पोटॅशियमची. तुम्ही शिकत असताना मेडिकल कॉलेजात सांगायचे की हृदयाला हात लावायचा नाही, लावलात तर ते थांबेल. तुम्ही उलट बाजूनं विचार केलात, थांबवलंच तर? आणि हवं तेव्हा परत सुरू करता आलं तर? हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत पोटॅशियम क्लोराइड सोडलं की ते शांत होतं, साध्या रक्तानं ते धुऊन काढलं की पुन्हा धडधडू लागतं. हे काही एकट्या तुमचं श्रेय नव्हे, त्या काळात बरेच जण याच वाटेनं चालले होते. पण विश्वाच्या प्रत्येक भागाला नियम घालून दिलेला आहे, अशा अर्थाच्या तुमच्या धर्मग्रंथातल्या एका वचनानं तुम्हाला बळ दिलं, असं तुम्ही सांगायचात. मला हे वाचून आधी जरा हसू आलं. मग वाटलं, हसण्यासारखं काय आहे यात? देवानं नियम केला आहे असं मानणारा माणूस तो नियम शोधायला प्रयोगशाळेत जात असेल, तर माझं त्याच्याशी भांडण कशाला? आमच्याकडे नुसता अंगारा लावून थांबणारे कमी आहेत का!

नोव्हेंबर १९५५ मध्ये सॉल्ट लेक जनरल हॉस्पिटलात, स्वतः तयार केलेल्या पंपावर, तुम्ही युटा राज्यातलं पहिलं ओपन हार्ट ऑपरेशन केलंत. पुढच्या वर्षी चार वर्षांच्या मुलीचं टीओएफ (टेट्रालॉजी ऑफ फॅलो, हृदयाचा एक जन्मजात दोष) दुरुस्त केलंत. आमच्या भाषेत ‘ब्लू बेबी’, ओठ-नखं निळी पडलेलं, चार पावलं चाललं की उकिडवं बसणारं मूल.

आणि त्यानंतरच्या वर्षाबद्दलच मला खरं तर लिहायचं आहे.

एकाच घरात तीन मुलं हृदयाचा जन्मजात दोष घेऊन आली. पहिला मुलगा निदान होण्याआधीच गेला. पुढच्या दोन्ही मुलींची ऑपरेशनं तुम्ही केलीत, दोन्ही दगावल्या. दुसरी गेली त्या रात्री तुम्ही घरी येऊन बैठकीच्या खोलीत जमिनीवर पडून रात्रभर रडलात. पुन्हा हृदयाला हात लावणार नाही, असं परत परत म्हणत राहिलात. तुमच्या पत्नी डँट्झेल बाई शेजारी बसून होत्या. पहाटे पाचच्या सुमाराला त्यांनी विचारलं, रडून झालं का? मग कपडे कर, प्रयोगशाळेत जा, कामाला लाग, अजून शिकायला हवं तुला. आत्ता सोडलंस तर तुला जे कळलंय ते दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा तेवढंच सोसून शिकावं लागेल.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यात ना तुमचं नाव होतं, ना त्यांचं. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक बाळ ऑपरेशनच्या टेबलावरच दगावलं. पंपावरून काढायला गेलो की दाब कोसळायचा, परत पंपावर घ्यायचो, पुन्हा तेच. नंतरच्या बैठकीत माझ्या नोंदींचा कागद न् कागद तपासला, पंपात काही खोट निघाली नाही. खोट निघाली असती तर बरं, असंही तेव्हा वाटून गेलं, निदान काहीतरी हाताला लागलं असतं. मी रजा टाकली आणि वैद्यकीय उपकरणं विकणाऱ्या एका कंपनीत नोकरीची चौकशी करून आले. पगार बरा होता, रात्रीचे फोन नाहीत. ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या मॅडमना हे कळलं आणि त्यांचा फोन आला. विचारपूस वगैरे काही नाही, थेट ‘रडून झालं का तुझं?’ आणि पुढची वाक्यं. मला वाटलं बाईंचीच आहेत. तोंडाच्या तिखटच त्या. ऑक्टोबर २०१५ मधलं तुमचं भाषण पुढे केव्हातरी वाचलं आणि मॅडमनी कुणाचा माल खपवला ते कळलं.

मॅडमनी सांगितला नव्हता तो भाग तुमच्या एप्रिल २०१६ मधल्या भाषणात आहे. त्या मुलींच्या आईवडिलांच्या मनात सल राहिली आणि तुमच्या मनातली तर जवळजवळ साठ वर्षं. एवढं मोठं पद, हजारोंची सभा आणि नव्वदी ओलांडलेला माणूस आपल्या हातून वाचल्या नाहीत अशा दोन मुलींविषयी बोलतो. सर्जन मंडळी यशाचे आकडे सांगतात. तुमचा आकडा सुमारे ७,००० ऑपरेशनांचा होता. तुम्ही मात्र दोघींबद्दल बोललात. माझे आभार मुख्यतः यासाठी आहेत.

डँट्झेल बाईंबद्दल आणखी लिहायला हवं. तुमच्या शिक्षणाच्या काळात घर चालवायला त्यांनी दोन-दोन नोकऱ्या केल्या. दोन पगारांच्या मध्ये पैसे संपले तर रक्तपेढीत जाऊन स्वतःचं रक्त विकलं. रक्तावरच चालणाऱ्या यंत्रामागे असंही रक्त गेलेलं आहे, हे आमच्या कुठल्या पुस्तकात नाही. तुम्हाला नऊ मुली आणि शेवटचा एक मुलगा. आमच्याकडच्या आज्या हे ऐकून काय अर्थ काढतील ते मी इथे लिहीत नाही.

१२ एप्रिल १९७२ च्या केसविषयी एक परफ्युजनिस्ट म्हणून विचारायचं होतं. पेशंट स्पेन्सर किंबॉल, वय ७७, तुमच्याच चर्चमधले ज्येष्ठ नेते. एऑर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे महाधमनीच्या तोंडाशी असलेली हृदयाची झडप, बदलायचा आणि त्याच वेळी बायपासही. त्या वयात, त्या काळच्या ऑक्सिजनेटरवर! आज आमच्याकडे एवढ्या वयाचा पेशंट आला की भूलतज्ज्ञांच्या कपाळावर आधी आठी चढते. किंबॉल वाचले, पावणेदोन वर्षांनी चर्चचे अध्यक्ष झाले आणि जून १९७८ मध्ये आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना पौरोहित्य नाकारणारी जुनी बंदी त्यांनी उठवली. तुम्ही यात ईश्वराचा हात पाहिलात. मला त्यात एक नीट बसवलेला व्हॉल्व्ह दिसतो. तुम्हाला यात विरोध दिसला नसता, हे मी मान्य करते.

१९८४ मध्ये चर्चच्या बारा प्रेषितांत तुमची निवड झाली आणि तुम्ही शस्त्रक्रिया सोडलीत. एकोणसाठाव्या वर्षी. इथे मी तुमच्या बाजूची नाही. त्या वयाच्या सर्जनच्या हातात अजून दहा वर्षं असतात आणि भाषणं करणारे कुठेही मिळतात. मार्च १९८५ मध्ये चीनमधल्या जिनानला जाऊन पेकिंग ऑपेराचे नामवंत कलावंत फांग रोंगशियांग यांचं बायपास केलंत, ते शेवटचं. त्यासाठी आग्रहानं बोलावणं आलं, कारण त्याआधी तुम्ही तिथल्या डॉक्टरांना शिकवून आला होतात, तोडकीमोडकी का होईना मँडरिन शिकून. अशी माणसं कमी असतात, म्हणूनच ओटी सोडलीत याचं वाईट वाटतं.

मतभेद याहून मोठेही आहेत. तुमच्या चर्चमध्ये पौरोहित्य आजही फक्त पुरुषांना आहे. समलिंगी जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा नाकारणारा २०१५ चा नियम ईश्वरी प्रेरणेतून आला, असं तुम्ही जाहीरपणे म्हणालात. २०१९ मध्ये तुम्ही अध्यक्ष असतानाच तो मागे घेतला गेला. मधल्या काळात त्या घरांनी काय सोसलं असेल, हे मी सहज ओलांडून जाऊ शकत नाही. (तुमच्या चर्चच्या नियमामुळे ऑपरेशननंतरही चहा न पिणारा सर्जन हा मतभेद त्या मानानं किरकोळ, तरी आमच्या ओटीत तुमचं कठीण होतं.)

पण कोविडमध्ये तुमच्यातला सर्जन पुन्हा दिसला. १२ मार्च २०२० ला तुमच्या चर्चनं जगभरच्या प्रार्थनासभा थांबवल्या. जानेवारी २०२१ मध्ये ९६ व्या वर्षी तुम्ही लस टोचून घेतलीत आणि त्याचा फोटो जगाला दाखवलात. ऑगस्टमध्ये लस घ्या, मास्क लावा असं अनुयायांना लेखी सांगितलंत. अनेकांना ते रुचलं नाही. त्याच वर्षी दुसऱ्या लाटेत आम्ही इथे एक्मोवर होतो. एक्मो म्हणजे आमच्या पंपाचाच भाऊबंद, फक्त काही तासांऐवजी दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे चालणारा. पीपीई घालून आळीपाळीनं त्याच्याजवळ बसायचं, ऑक्सिजनेटरमध्ये गुठळी दिसते का ते टॉर्च मारून बघायचं. काही पेशंट घरी गेले, बरेच गेले नाहीत. बाहेर लशीविषयी वाटेल ते पसरवणारे बाबाबुवा होते. लाखो लोक ज्याचं ऐकतात असा एक धर्मगुरू नेमकं उलट सांगतोय, एवढ्यानंही त्या दिवसांत धीर यायचा.

असो. त्या तीन मुलांच्या आईवडिलांचे आभार मानावेत का, याचा मी विचार केला. नाही मानत. त्यांनी स्वखुशीनं काही दिलं नव्हतं, त्यांच्याकडून ते गेलं. त्यांचे आभार मानायचा अधिकार ना मला, ना माझ्या पंपावरून सुखरूप उतरलेल्या कुणाला. तुमचे मानते, कारण त्या सकाळी तुम्ही प्रयोगशाळेत गेलात. डँट्झेल बाईंचे मानते, कारण त्यांनी तुम्हाला तिथे धाडलं. आमच्या मॅडमना हे पत्र छापून देणार आहे. शुद्धलेखनाच्या चुका काढून परत करतील.

आपली,
पंपावरची एक, पुणे