फोटोतल्या त्या ‘मधमाशी’बद्दल

पुणे,
१४ सप्टेंबर

प्रिय महेश,

तुझे फोटो मिळाले. ‘ही कुठली रानमाशी?’ म्हणून विचारलंयस. माशी नाही रे, पतंग आहे! हॉक मॉथ नावाच्या पतंगांच्या घराण्यातला, शास्त्रीय नाव सेफोनोडिस हायलस. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसनं १७७१ सालीच त्याची नोंद केलीय, तेव्हा नवा शोध लागल्याचा आनंद आवर.

रंगावर जाऊ नकोस, रंगानं फसवणं हाच त्याचा धंदा. हिरवट-पिवळं केसाळ अंग, पोटावर तांबूस-काळा पट्टा. उडताना भुंगाच वाटणार. पण तुझा दुसरा फोटो मोठा करून बघ. तो घाणेरीवर बसलेलाच नाही. हवेत जागच्या जागी थांबून त्यानं लांब सोंड फुलात घातलीय. भुंगा असो की मधमाशी, रस प्यायला फुलावर पाय टेकतेच. मग मिशा बघ. मधमाशीच्या कोपरात मोडल्यासारख्या असतात; याच्या सरळ आणि टोकाकडे जाडसर. शेपटाशी काळ्या केसांचा झुबकाही दिसतोय.

पंख सगळ्यात शेवटी बघायचे, कारण तेवढ्यावरून घोटाळा होतो. युरोपात एक पारदर्शक पंखांचा पतंग थेट गांधीलमाशीसारखा दिसतो, पण त्याचं घराणं वेगळं, आणि त्याची अळी पॉपलरचं खोड पोखरते. आपल्या या स्वारीची गंमत अशी, की कोषातून बाहेर येताना पंखांवर खवले असतात. पहिल्याच उड्डाणात ते झडतात आणि खाली उरते शिरांची नुसती काच. वहिनींनी मागे ‘हमिंगबर्ड पाहिला’ म्हणून सांगितलं होतं, तो याचाच अपारदर्शक पंखांचा भाऊबंद असणार. खरा हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर नाहीच, पण हे तू त्यांना सांग, मी नाही सांगत!

हे सोंग कशासाठी? डंखाची अद्दल घडलेला पक्षी तसल्याच दिसणाऱ्या दुसऱ्या किड्याच्या वाटेला जात नाही. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ हेन्री बेट्सनं अमेझॉनच्या फुलपाखरांवरून १८६२ मध्ये हा विचार मांडला. मला तो इथंही पटतो. याच्याकडे डंख नाहीच, बेलाशक जवळ जा.

आता मुद्द्याचं. काकूंचा अंगणातला अनंत अजून आहे ना? या पतंगाच्या अळ्या अनंताची पानं खातात. अनंत कॉफीच्या कुळातला, आणि कॉफीच्या मळ्यातही हीच अळी सापडते. खाली मिरीएवढ्या काळ्या लेंड्या पडल्या असतील, तर वरच्या फांद्या नीट शोध. शेपटाकडे शिंग असलेली जाड अळी दिसेल. ते शिंग टोचत नाही. काकू फवारा मारायला निघतील, त्यांना तेवढं थोपव. चार पानं गेली तर अनंत मरत नाही. अळी सापडली तर बाजूनं फोटो काढ, वरून नको. शिंग आणि अंगावरचे ठिपके बाजूनंच कळतात.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या