तंगूस म्हणजे मांजाच की!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत डोंगरातल्या तळ्याकाठी तंबू ठोकून राहण्यावरचा लेख वाचला. लेख छान, फोटो त्याहून छान. पण मासे पकडण्याची मजा दोन परिच्छेद सांगणाऱ्याने तंगुसाबद्दल, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीबद्दल, एक ओळही लिहू नये, हे खटकलं, म्हणून हे पत्र.

ऑगस्टमध्ये आम्ही बडोद्याचे पाचजण काश्मीरला गंगबल तळ्यावर जाऊन आलो. नारानाग गावाहून चढायचं आणि हरमुखच्या पायथ्याशी, साधारण साडेतीन हजार मीटरवर मुक्काम. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. सौ.नी हौसेने नेलेली तूरडाळ दीड तास रटरटली तरी कच्चीच. कुकर नको, ओझं होईल, असं मीच म्हटलं होतं, हेही सांगून टाकतो.

तळ्यात ब्राऊन ट्राउट आहेत. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास हा मासा काश्मीरच्या पाण्यात आणून सोडला. एप्रिल ते सप्टेंबर परवाना काढून गळ टाकता येतो. शेजारच्या तंबूतल्या दोघांकडे रीतसर परवाना होता आणि त्यांनी दिलेला तळलेला मासा आम्ही मिटक्या मारत खाल्ला. तेव्हा माझी तक्रार मासेमारीबद्दल नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बीण घेऊन काठाने निघालो. एका दगडावर करडा धोबी हा पक्षी बसला होता. राखी पाठ, पिवळं पोट, शेपटीची वरखाली चालूच. हिवाळ्यात हे खाली उतरतात, आमच्या गुजरातेत जांबुघोड्याच्या ओढ्यावर मी पाहिलेत. हा मात्र वीतभर उडायचा आणि मागून कुणी ओढल्यासारखा परत दगडावर आपटायचा. जवळ गेलो तर दोन्ही पायांना तंगूस गुंडाळलेली, दुसरं टोक दगडांच्या फटीत अडकलेलं.

आम्हा बडोदेकरांना हे दृश्य नवं नाही. घरात तिळगूळ आणि गच्चीवर उत्तरायणाचे पतंग, अशी आमची संक्रांत. गेली काही वर्षं करुणा अभियानाच्या, म्हणजे जखमी पक्षी वाचवण्याच्या सरकारी मोहिमेच्या, दिवसांत मी पतंगाच्या दोऱ्यात अडकलेली कबुतरं, घारी सोडवायला जातो. तिथे शिकलेली एकच गोष्ट कामी आली : दोरा ओढायचा नाही, कापायचा. धोब्याच्या डोक्यावर रुमाल टाकला, सौ.नी नखं कापायची कात्री दिली. सात वेढे निघाले. एक बोट सुकून काळं पडलं होतं. सोडल्यावर तो दगडावर थोडा वेळ बसला आणि पाण्यालगत उडत पलीकडे गेला. जगला की नाही, देव जाणे.

मग आम्ही काठ धुंडाळला. तासाभरात मूठभर तंगूस आणि दोन गळ मिळाले. शेजारच्या गृहस्थांना दाखवले, तर म्हणाले, "ही आमची नाही, आमची हिरवी आहे." असेलही.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर बंदी घातली, ती हा दोरा कुजत नाही आणि पक्ष्यांचे गळे, पंख कापतो म्हणूनच ना? तंगूस दुसऱ्या कशाची असते? तिच्यावर बंदी घाला असं मी म्हणत नाही. पण परवाना देताना दोरी मोजून, परतताना ती पुन्हा का मोजू नये? तंबूवाल्यांनी निघताना काठ एकदा तपासायला काय हरकत आहे?

आपण निदान एवढं करावं : पुढच्या पुरवणीत त्या लेखाखाली एक छोटी चौकट छापावी. तुटलेली तंगूस खिशात घालून आणा, आणि सोबत छोटी कात्री ठेवा.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे