बालरुग्ण निधी : तपासणी खर्चासाठी तातडीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाचा बालरुग्ण निधी कसा उभा राहिला, हे पेठेत कुणाला सांगायला नको. तरी ज्यांनी तो उभा केला त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे लिहवत नाही. बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या निवृत्त बाईंनी एका महिन्याची अख्खी पेन्शन दिली आणि पावतीवर नाव घालू दिले नाही. पथकातल्या पोरांनी मिरवणुकीच्या सुपारीचे पैसे जसेच्या तसे कार्यालयात आणून ठेवले. भांडीवाले काका गल्ल्याशेजारच्या डब्यातली चिल्लर दर दिवाळीला स्वतः मोजून देतात. कोरोनात मांडव घातला नाही, ती वर्गणी याच खात्यात गेली. एकाही वर्गणीदाराने कुरकुर केली नाही. असे लोक आपल्या पेठेत आहेत याचा मंडळाला अभिमान आहे.

म्हणूनच गेल्या वर्षीची गोष्ट मनाला लागली. सीटी आणि एमआरआयसाठी मदत मागितली, तर अनेकांनी ‘ऑपरेशनला देऊ, फोटोला कशाला?’ म्हणून पावती पुस्तक परत केले.

‘फोटो’ कशाला, ते एका आजारावरून सांगतो. विल्म्स ट्यूमर हा लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा कर्करोग, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतला. आंघोळ घालताना आईच्या हाताला पोट एका बाजूला टणक लागते. (असे लागले तर दाबून दाबून पाहू नका, थेट डॉक्टरांकडे जा.) गाठीचे कवच नाजूक असते. शस्त्रक्रियेत ती फुटली तर पेशी पोटात सांडतात, आजार तिसऱ्या टप्प्यात धरला जातो आणि कोवळ्या पोटाला किरणोपचार द्यावे लागतात. म्हणून चाकू लावण्याआधीच सर्जनना सीटी-एमआरआयमधून सगळे दिसावे लागते: गाठ कुठवर आहे, रक्तवाहिन्या कुठे सरकल्यात, हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या नीलेत ती शिरली आहे का, दुसरे मूत्रपिंड स्वच्छ आहे का, फुप्फुसात काही आहे का. अनेक ठिकाणी आधी साधारण चार आठवडे किमो देऊन गाठ आकसवतात आणि पुन्हा तपासणी करतात. म्हणजे एका मुलामागे खर्च दोनदा. त्यात एमआरआयला एवढेसे पोर निश्चल पडून राहत नाही. भूल द्यावी लागते, तिचा खर्च वेगळा.

शंभरात पाच-सात मुलांना दोन्ही बाजूंना गाठ असते. तिथे मूत्रपिंडाचा जेवढा निरोगी तुकडा वाचेल तेवढे डायलिसिस दूर राहते. या प्रतिमांवरून संगणकावर त्रिमिती मॉडेल करता येते, प्लास्टिकमध्ये छापताही येते. कुठून कापायचे आणि काय राखायचे, हे सर्जन ते हातात घेऊन आधीच ठरवू शकतात. प्रगत देशांत या आजाराची शंभरातली नव्वदच्या आसपास मुले जगतात. आपली का जगू नयेत?

सध्या हाच आजार असलेली मुळशीकडची चार वर्षांची एक मुलगी निधीच्या यादीत आहे. किमोचा चौथा आठवडा शनिवारी संपतो. वडील मजुरी करतात; शस्त्रक्रियेची सोय सरकारी योजनेतून होते आहे, पण पुढच्या तपासणीचे पैसे आधी भरायचे आहेत आणि खात्यात त्याच्या निम्मेही नाहीत.

देणगी कार्यालयात रोज सायं. ७ ते ९ (रविवार बंद). धनादेश मंडळाच्या पूर्ण नावाने. क्यूआर कोड फलकावर. पावतीसाठी पॅन आणावे. वस्तू नकोत; रोख, धनादेश वा ऑनलाइनच. मुलीला रुग्णालयात नेण्या-आणण्यासाठी गाडी देऊ शकणाऱ्यांनी कार्यालयातल्या वहीत नाव लिहावे. शुक्रवारच्या आत.

आपला,
कार्यवाह