कॉलेजच्या खर्चाचे गणित दहावीच्या वर्गातच शिकवावे

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

करवीर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी सव्वीस वर्षे गणित शिकवले. दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ नावाचे एक प्रकरण आहे. त्यात वस्तू व सेवा कर, शेअर, दलाली, म्युच्युअल फंड हे सारे येते, आणि मुले ती उदाहरणे बिनचूक सोडवतातही. ज्या घरांतून ही मुले येतात, तेथे शेअरची खरेदी-विक्री क्वचितच होते. मात्र दोन-तीन वर्षांत त्या प्रत्येक घरासमोर मुलांच्या कॉलेजच्या फीचा प्रश्न हमखास उभा राहतो. त्याबद्दलचे एकही उदाहरण मला त्या प्रकरणात कधी आढळले नाही, आणि निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या महिन्यापर्यंत मीही ते फळ्यावर घातले नाही, याची मला आज खंत वाटते.

हे पत्र लिहिण्यास कारण झालेला प्रसंग सांगते. माझी एक माजी विद्यार्थिनी वडिलांबरोबर माझ्या घरी आली. घरी चार म्हशी, दूध डेअरीला जाते, दर दहा दिवसांनी बिल येते, त्यावर घर चालते. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. वडिलांनी डेअरीच्या पासबुकात घडी घालून ठेवलेली फीची पावती काढून माझ्यासमोर ठेवली आणि फीमाफीचा अर्ज कसा भरायचा, असे विचारले. पावतीवर प्रवेशाचा प्रकार ‘संस्थास्तर’, म्हणजे कॉलेजने स्वतःच्या पातळीवर दिलेला प्रवेश, असा छापलेला होता. पहिल्या फेरीत नाव न लागल्याने एका मध्यस्थाने त्यांना ‘आता सीट पक्की करा, माफीचं नंतर बघू’ असे सांगितले होते, आणि त्यांनी दोन म्हशी विकून पैसे भरले होते.

राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. परंतु त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला असावा लागतो. संस्थास्तरावरील किंवा व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ही सवलत मिळत नाही. मुलगी इतर मागास वर्गातील, उत्पन्न मर्यादेच्या कितीतरी खाली, आणि तिच्या गुणांना पुढच्या फेरीत जागा मिळण्याची पुरेशी शक्यता होती. मी हे समजावून सांगितल्यावर वडील बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “बाई, ह्ये आम्हाला आधी कोन सांगणार हुतं?” तिची दहावीची वर्गशिक्षिका मीच होते.

असे अनेक पालक आहेत. पैसा उपलब्ध असतो, पण तो कोणत्या दाराने मिळतो हे कळेपर्यंत दार बंद झालेले असते. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून नवा दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवायचा. जात पडताळणीला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज अकरावी-बारावीतच करायचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव आणि आधारवरील नाव एका अक्षरानेही वेगळे असू नये. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होते, त्यामुळे ते खाते चालू आहे ना, हे आधी पाहायचे. या गोष्टींत अवघड असे काहीच नाही. निकालानंतरच्या आठ-दहा दिवसांत सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहून त्या पहिल्यांदा कळाव्यात, हीच अडचण आहे.

पात्र मुलांना (मुलग्यांना) राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. उरलेले निम्मे, शिवाय खोलीभाडे, मेस आणि पुस्तके हा खर्च घरालाच करावा लागतो. मुलींच्या पूर्ण माफीतही राहण्या-जेवणाचा खर्च येत नाही. नोंदणीकृत मजुरांच्या आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, पण तिचे नावही माझ्या वर्गातील फारच थोड्या पालकांनी ऐकलेले होते. शिकू पाहणाऱ्या मुलाला फीइतकीच राहण्या-जेवणाची सोय लागते, हे शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०१ पासून कोल्हापूर शहरात निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली ती त्यामुळेच. त्या शहरातील मुलांना आज निर्वाह भत्त्याची माहिती नसावी, याचे मला फार वाईट वाटते.

कर्जाचा विषय तर शाळेत निघतच नाही. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या महिन्यात मी दहावीच्या वर्गात एक उदाहरण घातले. चार वर्षे दरवर्षी दीड लाख, असे सहा लाखांचे शैक्षणिक कर्ज, व्याजदर १० टक्के. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, हे कळताच मुलांना वाटले की तोवर व्याजही नाही. आम्ही सरळव्याजाने मांडून पाहिले: पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे ७५ हजार, दुसऱ्यावर ६०, तिसऱ्यावर ४५ आणि चौथ्यावर ३० हजार, म्हणजे हप्ता सुरू होण्याआधीच २ लाख १० हजार व्याज. आता ८ लाख १० हजार दहा वर्षांत फेडायचे म्हटले, तर महिन्याला सुमारे १०,७०० रुपये. तेच व्याज शिकत असतानाच भरत गेले, तर पुढचा हप्ता सुमारे ७,९०० रुपयांवर येतो, आणि पहिल्या वर्षी त्यासाठी महिन्याला केवळ १,२५० रुपये लागतात. एक मुलगा हिशेब करून म्हणाला की तेवढे तर आमच्या एका म्हशीच्या दुधातून निघतात. तो तास संपल्यावरही मुले वर्गाबाहेर गेली नाहीत.

याच तासाला हेही सांगता येते की पात्र विद्यार्थ्याला साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज विनातारण मिळू शकते, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश मिळवणाऱ्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्जाची सोय आहे. हे माहीत नसल्यामुळे लोक सोने गहाण टाकतात किंवा खासगी सावकाराकडे जातात.

माझी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागाला विनंती आहे की, नववी आणि दहावीच्या प्रत्येक तुकडीला दिवाळीच्या सुट्टीनंतर या विषयाचे किमान चार तास द्यावेत, आणि त्यांतील एक तास पालकांसह, संध्याकाळी, दुधाची वेळ सांभाळून ठेवावा. व्याख्याने नकोत. मुलांनी आपले आधार कार्ड, शाळेच्या रजिस्टरमधील नावाची नोंद आणि बँकेचे पासबुक बाकावर शेजारी शेजारी ठेवून तपासावे, दाखल्यांची यादी स्वतःच्या हाताने वहीत लिहावी आणि स्वतःच्या पसंतीच्या अभ्यासक्रमाचा चार वर्षांचा खर्च मांडावा. गणिताच्या शिक्षकांना त्यासाठी वेगळ्या प्रशिक्षणाची फारशी गरज नाही. व्याज आम्ही शिकवतोच. योजनांच्या अटी मात्र दरवर्षी बदलू शकतात, म्हणून चालू वर्षाचे शासन निर्णय विभागाने जूनपूर्वी शाळांना पाठवावेत.

करवीर, पन्हाळा किंवा राधानगरी तालुक्यातील ज्या शाळेला हे तास सुरू करायचे असतील, तेथे मी स्वखर्चाने येईन. फळा, खडू आणि पालकांना बसायला सतरंजी एवढी तयारी पुरे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
कोल्हापूर