दुखत नाही म्हणून थांबू नकोस

प्रिय अवी,

तीन महिने पत्र नाही, त्याबद्दल काय बोलायचं ते भेटल्यावर बोल. इकडे सगळे बरे, आईचं बीपी ताब्यात. सकाळपासून तुझं एकच वाक्य डोक्यात घोळतंय: "छिन्नी मारताना डोळ्यात काहीतरी उडालं, क्षणभर टोचलं, मग गेलं." गेलं कुठे, अवी?

दुखण्यावरून डोळ्याची जखम मोजता येत नाही. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची ती काच, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पण नसांनी गच्च भरलेली. नखाचा ओरखडा गेला तरी माणूस तळमळतो, आणि तोच ओरखडा बहुधा दोन-तीन दिवसांत भरून येतो. पोलादाची कपची मात्र एवढ्या वेगात शिरते की बारीकसं भोक मिटल्यासारखं होतं. आतल्या पडद्याला वेदना कळतच नाही. पहिल्या दिवशी नजरही चांगली असू शकते. मग जंतुसंसर्ग तरी होतो, नाहीतर लोखंड आत गंजून पडद्याला विष होतं.

आरशात बघ. बाहुली गोल आहे की एका बाजूला थेंबासारखी ओढलेली? ओढलेली असली तर एक मिनिटही घालवू नकोस. गोल असली तरी आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि पहिलं वाक्य हेच बोल: "लोखंडावर लोखंड मारत होतो." मग ते सीटी स्कॅन काढतील. एमआरआय नको, चुंबकाने कण आत सरकतो. तोवर चोळू नकोस, धुऊ नकोस, कसलेही थेंब नकोत. कागदी कपाचा तळाकडचा भाग कापून घे, त्याची कड डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकव आणि चिकटपट्टी लाव, डोळ्यावर दाब येता कामा नये. काही खाऊ-पिऊ नकोस, भूल द्यावी लागेल कदाचित.

"डोळ्यात काही गेलं की आधी पाणी" यावरून आपण किती भांडलो! चुना-सिमेंटसाठी तुझंच खरं होतं. ॲसिड वरची प्रथिनं गोठवतं आणि बहुधा स्वतःचीच वाट अडवतं. चुना चरबी विरघळवत आत उतरत राहतो. तिथे दवाखाना नंतर, नळ आधी, निदान अर्धा तास, पापणी उलटून. घुसलेल्या कपचीला मात्र पाणी नाही.

डॉक्टरांना नुसता ओरखडाच दिसला तर बधिर करणारे थेंब घरी मागू नकोस, त्याने जखम भरत नाही.

अंधांची लिपी तयार करणाऱ्या लुई ब्रेलच्या एका डोळ्यात तिसऱ्या वर्षी वडिलांची चामड्याला भोकं पाडायची आरी घुसली, आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. तुला घाबरवायलाच लिहितोय.

नव्या घराचं ऐकून फार बरं वाटलं. चिनूला सांग, कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यामागे हरवत नाही. पापणीचं अस्तर वळून डोळ्यालाच चिकटलेलं असतं, मागे जायला वाटच नाही.

आणि ती छिन्नी. तिचं डोकं ठेचून फुललंय, कडा बाहेर वळल्यात. कपची तिथूनच उडते. ती किनार ग्राइंडरवर घासून काढल्याशिवाय तिला हात लावू नकोस, आणि घासतानाही बाजूंनी बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा गॉगल हवा.

घरातून बाहेर पडलास की "निघालो" एवढंच कळव.

तुझा,
नित्या